बोनेटची कळ

माझे यजमान दत्तात्रय घैसास यांच्याइतका शांत गृहस्थ शोधून सापडणार नाही, असं दिल्लीत आर. के. पुरममध्ये सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांना त्यांच्याबरोबर राहायचं नव्हतं. मी तीस वर्षं राहिले, म्हणून सांगते, शांत माणसासारखा डोक्याला ताप नाही.

हे फ्रीजचं दार असं लावायचे की सकाळी दूध नासलेलं. क्वार्टरचं पुढचं दार नुसतं ओढून घ्यायचे. एकदा माकड आत शिरून देवापुढची केळी खाऊन गेलं. मिनिस्ट्रीत बारा वर्षं एकाच खुर्चीत बसले आणि मागून आलेले त्यांचे साहेब झाले. "अहो, एकदा टेबलावर मूठ आपटा," म्हटलं तर म्हणायचे, "अगं, टेबल सरकारी आहे." माझं उलट. मला राग आला की स्वयंपाकघरातली भांडी बोलतात. तशी ती बोलायला लागली की हे पेपर खाली ठेवून बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, मामंजींचा राग ताटावर निघायचा. ताट भिंतीवर आणि दत्तू पलंगाखाली. मी ते ऐकलं आणि विसरून गेले.

तर गाडी. चौसष्ट सालची अँबॅसिडर, ह्यांच्या साहेबांकडून त्यांच्या रिटायरमेंटला घेतलेली. शहाण्णव साल आलं, खाली पार्किंगमध्ये मारुत्यांची रांग लागली, परदेशी कंपन्यांच्या नव्या गाड्याही दिसायला लागल्या. आमचा अंशुमन गुडगावला नोकरीला लागला तो रोज सुनवायचा, "बाबा, बेच डालो यार, म्यूझियम वाटतं." हे फडक्याने गाडी पुसत राहायचे.

ऑगस्टमध्ये मयूर विहारच्या सोसायटीतला आमचा नवा फ्लॅट बघायला निघालो. निजामुद्दीनच्या पुलावर बोनेट खाडकन वर उडालं आणि काचेवर येऊन बसलं. समोर रस्ताच दिसेना. आयुष्यात एकदाच ह्यांनी ब्रेक जोरात मारला असेल, तो त्या दिवशी. माझं कपाळ डॅशबोर्डवर. तीन टाके पडले.

मी देवाशपथ सांगितलं, "या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. नव्या घरी ऑटोने जाईन."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. नव्या घराच्या दाराशी मी याच गाडीतून उतरावं, हे त्यांनी कधीचं मनात धरलेलं. म्हणाले, "नोव्हेंबरात वास्तुशांत आहे. तोवर दुरुस्त होते का बघतो. नाही झाली तर विकून टाकतो." आणि हा माणूस शब्द मोडत नाही, हाही एक त्रासच.

मग सुरू झाल्या श्यामकडे फेऱ्या. श्याम म्हणजे मार्केटमागचा मेकॅनिक. तीस वर्षं दिल्लीत काढूनही ह्यांची हिंदी सदाशिव पेठेतून बाहेर पडलेली नाही. हे त्याला म्हणाले, "श्याम, इसकी कळ बिगड गई है."

"कल? कल बिगडी तो कल ही ले आते, बाऊजी."

"वही कळ. पूरी बिगड गई."

"अच्छा, तो कल ले आना."

हे गाडी घेऊन परत. असं दोनदा झालं. शेवटी अंशुमनने जाऊन "बोनेट का लॉक" असं सांगितलं तेव्हा कुठे कामाला हात लागला. श्यामने कळ खोलून साफ केली, ग्रीस भरलं, स्प्रिंग बदलली. मग हे काश्मिरी गेटला जाऊन नवी कळ आणि आतल्या तुटलेल्या जादा हुकाच्या बदली नवा हूक घेऊन आले. श्यामने बसवलं की बोनेट पक्कं बसायचं. घरी आलं की हे रेडिएटरचं पाणी बघायला उघडायचे, पुन्हा लावायचे, आणि ते सुटंच. श्याम वैतागला. मी तर केव्हाचीच वैतागले होते. वास्तुशांतीच्या आठवड्यात ह्यांनी निमूटपणे एका गिऱ्हाइकाला होय म्हणून टाकलं.

वास्तुशांतीच्या सकाळी मी देवांचा डबा घेऊन खाली उतरले. ऑटोवाला गेटशी उभा होता. हे गाडीपाशी शेवटचं पाणी बघत होते. इतक्या महिन्यांत मी त्या बोनेटजवळ फिरकले नव्हते, त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितलं. ह्यांनी बोनेट दोन्ही हातांनी धरलं, हळूहळू खाली आणलं आणि निजलेल्या पोराला पांघरूण घालावं तसं ठेवलं. वरून दोनदा थोपटलं. मी एक बोट खाली घातलं. उचललं गेलं.

माझं डोकं फिरलं. "अहो, बोनेट लावताय की जोजवताय? धरा हा डबा!"

देव ह्यांच्या हातात दिले, बोनेट हातभर वर उचललं आणि दिलं सोडून. धाड! झाडावरची कबुतरं उडाली. मी बोटं घालून ओढलं, पदर खोचून ओढलं. हलेना.

"श्याम कसं लावायचा?" मी विचारलं.

"आपटायचा," हे म्हणाले. "मी तिकडे बघत नसे. तो म्हणायचा, बाऊजी, जोर से. मला वाटलं, त्याची बोलायची पद्धत आहे."

"आता तुम्ही लावून दाखवा." मी उघडलं आणि डबा परत घेतला.

ह्यांनी बोनेट वर धरलं. डोळे मिटले. पण हात सुटेनात. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि मला तो पलंगाखालचा दत्तू दिसला. तीस वर्षांत या माणसाने माझ्यावर एक दार आपटलं नव्हतं, आणि मी सगळ्या दिल्लीला त्याचीच तक्रार सांगत आले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"राहू द्या," मी म्हटलं. "उघडायचं तुम्ही, लावायचं मी. आणि त्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणा."

ऑटोवाल्याला पैसे देऊन परत पाठवलं आणि गाडीत बसले. पुलावर मी डबा घट्ट धरून बसले होते, बोनेट जागचं हललं नाही.

मयूर विहारला हे आधी उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. मी उतरल्यावर त्यांनी ते अलगद लावलं. अर्थात, ते लागलंच नाही.

हे पुढे गेल्यावर मी ते कमरेने जरासं दाबलं, आवाज न करता.