तीन तारांपैकी एक

आमचा मामा पियानो दुरुस्त करायचा आणि एका रॉक बँडमध्ये पियानो वाजवायचा. स्वतःबद्दल शंका अशी त्याला कधी आलीच नाही. मामी म्हणायची, "देव ह्यांच्यात ती घालायलाच विसरला."

बँडची गाणी कानठळ्या बसवणारी. संथ गाणी तेवढी मामाची. ती तो गिऱ्हाइकांचे पियानो सुरात लावता लावता रचायचा. पियानोच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. मामा फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, लांब फीत खोचून कडेच्या दोन मुक्या करायचा, मधली सुरात आणायचा, मग फीत काढून बाकीच्या तिच्याशी जुळवायचा. त्या एकट्या तारेवरच त्याला चाली सुचायच्या. मग काम राहायचं बाजूला आणि गिऱ्हाईक बसायचं ताटकळत.

लोकांना ती गाणी आवडत नसत, स्पष्टच सांगते. मामाचं गाणं लागलं की अर्धं सभागृह चहाला उठायचं. ड्रमवाला वैतागायचा, "मी काय लोकांच्या पाठी बघत बसू?"

"उठू देत की," मामा म्हणायचा. "कान काय खुर्चीत ठेवून जातात?"

शेवटी ड्रमवाल्यानं निर्वाणीचं सांगितलं. "येत्या कार्यक्रमात लोक उठले, तर संथ गाणी बंद. पियानोही बंद." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मामा हसला. मला मात्र धडकी भरली, कारण पियानो बंद म्हणजे मामाच बँडबाहेर. त्याला दुसरं काहीच वाजवता येत नव्हतं.

त्या दुपारी सभागृहाचा पियानो मामानं स्वतःच लावायला घेतला. काम निम्म्यावर असताना माइकवाल्यानं त्याला हाक मारली. मग कपडे बदलायची गडबड, मग घंटा.

दणक्याच्या गाण्यांत कुणाला काही कळलं नाही. संथ गाण्याचा पहिला सूर वाजला आणि मामाचा चेहरा खर्रकन उतरला. फीत आतच राहिली होती! ओढून काढावी, तर न लावलेल्या तारा बेसूर किंचाळल्या असत्या. मुकाट्यानं वाजवत राहण्यावाचून इलाज नव्हता. आवाज इतका बारीक, की गिटारवाल्यानं हात आवरला आणि ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. एरवी छप्पर उडवणारी गायिका शेजारच्या माणसाशी बोलावं तशी गायला लागली.

चहाला निघालेले लोक वाटेतच थबकले. त्यांच्या चपलांचाच आवाज गाण्याहून मोठा होत होता. एकेक जण मिळेल त्या खुर्चीत हळूच टेकला. मी रडत होते, आणि मामी माझा हात इतका दाबत होती की बोटं दुखायला लागली.

नंतर आतल्या खोलीत मामा छाती काढून म्हणाला, "बघितलंत? सगळं ठरवून केलं."

"पुरे," मामी म्हणाली. "फीत विसरलात तुम्ही. तोंड बघितलं मी तुमचं."

सगळे हसले. ड्रमवाला हसला नाही. तो घाम पुसत मामासमोर येऊन उभा राहिला.

"हे गाणं इथून पुढे शेवटी घेऊ."

"शेवटी तुझं एकट्याचं ड्रमवादन असतं," मामा म्हणाला. "लोक त्यासाठीच थांबतात."

"थांबतात रे. पण हे झाल्यावर मी काय वाजवू, सांग ना?"

 मामानं ड्रमवाल्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.