नळीतून आलेला श्वास

दारू न घालताच मी बंदूक भरली. बंदुकीची दारू म्हणतोय. दुसरी घेतलेली असती तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही विचाराल तर मी नाहीच म्हणेन — फक्त आवाज थोडा खाली जाईल. सत्तरच्या दशकात मी सांगलीत एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. नाद जुन्या हत्यारांचा. नाद म्हणजे काय, तर बंदुकीचे दोन गंजके घोडे, एक फुटका लाकडी दस्ता आणि दारू ठेवायचं एक शिंग, तेही कसरीनं खाल्लेलं. मी त्याला कलेक्शन म्हणायचो. बायको भंगार म्हणायची.

चालती बंदूक होती ती माझ्या चुलत मामांकडे, शिराळ्याच्या अलीकडे त्यांच्या गावी. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू घालून वरून लोखंडी गजानं ठासायची. त्यांच्या दिवंगत वडिलांची, म्हणजे आबांची. परवाना उसातल्या डुकरांसाठी, पण तिचं खरं काम दसऱ्याला. पालखी सोनं लुटायला निघाली की शिवेवर पहिला बार मामांच्या घराचा. तो उडाल्याशिवाय पालखी शीव ओलांडत नसे. आदल्या दसऱ्याला बार फुसका गेला होता... आणि खालच्या आळीची भावकी टपून होती. यंदाही तसंच झालं तर मान त्यांच्याकडे जाणार, हे चावडीवर ठरलं होतं. मामा फौजेतून हवालदार होऊन आलेले, पण वर्षभर त्यांनी खालच्या आळीत पाऊल टाकलं नव्हतं.

त्यातच दसऱ्याच्या तोंडावर बैलानं दाव्याला हिसका दिला आणि मामांचा पंजा सुजला. चाप ओढता येत होता, गज ठासता येत नव्हता. मी म्हणालो, मी भरतो की. 

"भाचेबुवा, भिंतीवर टांगून बंदूक येत न्हाई," ते म्हणाले. "पन दुसरं कोन हाय मला?"

दसऱ्याच्या सकाळी मी परसात बंदूक धुवायला बसलो. मामांनी चार दिवसांपूर्वी डुकरांवर उडवलेली, मग हात सुजल्यामुळे तशीच राहिलेली. ज्यांनी ठासणीची बंदूक धुतली नाही त्यांना सांगतो — उकळतं पाणी ओतलं की खालून गटारासारखं काळं पाणी येतं आणि डझनभर नासकी अंडी एकदम फोडल्यासारखा वास सुटतो. तो हातांना चिकटतो, मिशीत बसतो. मी नाक दाबून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली, चिंधीनं पुसली, उन्हात वाळवली. मग शेवटची पायरी. नळीला तोंड लावून फुंकायचं. ठिणगी पाडणारी टोपी बसते तिथल्या बारीक भोकातून हवा निघाली की आत काही उरलं नाही.

मी फुंकलं. भोकापाशी धरलेल्या बोटाला हवा लागली. छान. दम घ्यायला थांबलो, ओठ अजून नळीलाच होते...

आणि नळीनं माझ्या तोंडात फुंकलं.

गरम. ओलसर. माणसाचं. नासक्या अंड्यांचा वास नव्हताच तो — शिळी तंबाखू, सडका दात आणि त्यावर लवंग. ते सगळं माझ्या जिभेवर बसलं. मी बंदूक टाकली आणि मामींच्या शेवंतीच्या आळ्यात सकाळचे पोहे परत केले. मामी दारातून म्हणाल्या, शहरातल्या माणसाला वास सोसंना.  सांगणार काय?

चार वेळा चुळा भरल्या, मीठ चोळलं, तरी चव जाईना. तेवढ्यात देवळापाशी ढोल सुरू झाला. घाईघाईनं नळीत काथ्या कोंबला, चिंध्या कोंबल्या, गजानं दणादण ठासल्या. गजावर मामांनी खूण केलेली असते. बंदूक नीट भरली की ती नळीच्या तोंडाबाहेर दिसते. ती बघायची तर तोंड नळीजवळ न्यावं लागणार. ते मला जमेना. नाही बघितली.

बंदूक माझ्याच खांद्यावर होती, घरापासून शिवेपर्यंत. कुणाचा हात लागला नाही. शिवेवर मामांनी ती घेतली, टोपी बसवली, घोडा चढवला. ढोल थांबला. मी रुमाल काढायला खिशात हात घातला आणि हाताला बांबूचं नळकांडं लागलं. मामांनी सकाळी मापून भरून दिलेली दारू. बूच घट्ट. चुलीच्या ठिणग्यांपासून जपायला मीच खिशात ठेवलेली.

ओरडावं म्हटलं तर मामांचा मान तिथंच जाणार. खालच्या आळीची माणसं आधीच हसऱ्या तोंडानं उभी होती. मामांनी चाप ओढला.

असा बार मी आयुष्यात ऐकला नाही. पांढऱ्या धुरात पालखी दिसेना. धूर विरला तेव्हा मामांचे डोळे भरलेले होते, आणि ते धुरानं नव्हे. खालच्या आळीतला एक म्हातारा कानात बोट फिरवत म्हणाला, "पाव्हन्यानं दारू जरा जास्तच घातलीया."

संध्याकाळी मी परत तीच बंदूक धुवायला बसलो. काळं पाणी, नासकी अंडी, सगळं आलं. म्हणजे आत दारू जळली होती. चिंधी बाहेर आली ती काळी, आणि तिच्या टोकाला तंबाखूच्या पिंकेसारखी तपकिरी, चिकट लाळ.  मग मात्र मी मामांपुढे नळकांडं ठेवलं आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

आधीची दारू राहिली म्हणावं तर उकळतं पाणी आरपार गेलं होतं. मापून दिलेलं नळकांडं एकच. इतकी वर्षं झाली, जाणत्या लोकांना विचारलं. कुणी हसतं, कुणी मला अर्धवट ठरवतं.  

मामांनी बूच काढून दारू बघितली. चिंधी नाकाशी नेली. 

"आबांची दाढ किडल्याली," ते म्हणाले. "कायम लवंग धरायचं तिथं. वर तंबाखू. अन् बार भरायच्या आधी नळी फुंकायचं."

मी म्हणालो, म्हणजे मामा, आबा खरंच...

मामांनी नळकांड्याला बूच लावलं आणि माझ्या हातातली बंदूक काढून घेतली.

"आबा गेल्यापास्नं दरसाली मी बार भरतूय. मागल्या साली तर फुसका गेला, तवाबी आलं न्हाईत," ते म्हणाले. "तुज्यासाठी यावं लागलं."