राजरत्नच्या पाळीपत्रकातली चूक

मी महाळुंगे पडवळचा गेणू. मंचरच्या एका पतसंस्थेत एकतीस वर्षं शिपाई होतो. घरची अडीच एकर शेती आहे. मला लिहिण्याची सवय नाही. शेवटचं मोठं असं लिहिलं तो निवृत्तीचा अर्ज, आणि तोही नऊ ओळींचा होता.

तुमच्या संख्याशास्त्र विभागातले जे विद्यार्थी तरुणपणीच गेले, त्यांच्या आठवणींची पुस्तिका निघते आहे. तिच्या कामासाठी स्नेहाताई आमच्या गावी आल्या होत्या. त्या राजरत्नच्या वर्गातल्या. राजरत्न आमच्या वस्तीवरचा, पोपट आणि द्रौपदा यांचा एकुलता एक. एम.एस्सी. झाला, पुण्यात नोकरीला लागला आणि २०१९ च्या सप्टेंबरात डेंग्यूच्या तापाने चार दिवसांत गेला. पंचवीस वर्षांचा होता.

स्नेहाताई सांगून गेल्या, की प्रत्येकासाठी एक पान आहे, ते घरच्यांनी किंवा ओळखीच्या माणसाने लिहून द्यावं. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर त्या पानावर नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा छापतील.

दुसऱ्या दिवशी सकाळीच द्रौपदावहिनी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.

"नाना, पान तुमी लिवा."

"मी? अहो, माझं अक्षर तरी बघा."

"अक्षर छापखान्यात सरळ करत्यात."

"पोपटला सांगा की."

"त्यो कागद घेऊन बसला की रडतो. मला लिवता येत नाय. बाकीच्यांच्या पानावर कुणाचं सुवर्णपदक हाय, कुणी परदेशात जाऊन आलेला हाय. माज्या पोराच्या पानावर नुसत्या दोन तारखा नको, नाना. दोन तारखा तर औषधाच्या बाटलीवर बी असत्यात."

मी उठून कोरे कागद शोधले.

तीन दिवस खपून पान भरलं. त्याला तेजस्वी तारा म्हटलं, काळाने घाला घातला असंही लिहिलं. ते घेऊन पोपटच्या घरी गेलो आणि वाचून दाखवलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, "हा कोणाचा पोरगा म्हणायचा?"

"अहो, राजरत्न."

"मी नाय वळखत ह्याला. आन् ते कैलासवासी काढा. आमच्या बौद्धांत कालकथित लिवत्यात."

मी कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणालो, "त्याच्या पाळीपत्रकाचं लिहितो. पण त्यात एक अडचण आहे."

हे पाळीपत्रक काय ते आधी सांगतो. आमची विहीर सात जणांची सामाईक आहे. सात हिस्सेदार, आठवड्याचे सात वार. प्रत्येकाचा वार आजोबांच्या काळापासून ठरलेला. त्यातला एक हिस्सा पोपटने वीस वर्षांपूर्वी जमिनीबरोबर विकत घेतला. तेव्हा दोघातिघांनी नाकं मुरडली. मी कोणाच्याच बाजूने बोललो नाही. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पुढे मोटारीची लाईट आठवड्यातले चार दिवस दिवसा आणि शुक्रवार ते रविवार रात्री येऊ लागली. ज्यांचे वार शुक्रवार ते रविवार, त्यांना पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला, कायम रात्रीच जावं लागे. उसात बिबट्या, पायाखाली चिखल. त्यावरून भांडणं पेटली. हिस्सेदारांतल्या दादाभाऊंनी तर एकदा स्टार्टरलाच कुलूप घातलं.

माझा वार शनिवार. आणि मला अंधार पडला की दिसत नाही. रातांधळेपणा, लहानपणापासूनचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून लोक काय म्हणणार, बिबट्याला भ्यायला. त्या महिन्यात चारही शनिवारी मला ताप आला, असं मी सांगितलं. कांदा करपला.

राजरत्न तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आला होता. दोन दिवस विहिरीवर बसून त्याने पट्टी-पेन्सिलने तक्ता आखला. सात ओळींत सात नावं, सात रकान्यांत सात आठवडे. वार दर आठवड्याला पुढे सरकणार आणि सात आठवड्यांनी पहिल्यावर येणार. रात्रीची पाळी लाल शाईने. सगळ्यांना मोटारीच्या खोलीत बोलावून तो म्हणाला, "सात आठवड्यांत एकवीस रात्री येत्यात. ज्याच्या त्याच्या ओळीत बघून घ्या. भांडायचं असंल तर आत्ताच भांडा, मला परवा परीक्षा हाय."

दादाभाऊ बराच वेळ बोटांवर मोजत होते. शेवटी म्हणाले, "पोरगं शिकलंय म्हणायचं!" तक्ता प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला. त्याला आठ वर्षं झाली. कुलूप पुन्हा लागलं नाही.

आता अडचण. माझ्या ओळीत लाल शाई नव्हती. एकदाही नाही. हिशोबाने प्रत्येकाला तीन रात्री यायच्या, मला शून्य. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं, पोराची चूक झाली असं धरलं आणि गप्प राहिलो. बाकीच्यांना आपापल्या ओळीशी काम. माझ्या वाटच्या तीन रात्री कोणाच्या ओळीत गेल्या, हे मी शोधलं नाही. शोधलं असतं तर बोलावं लागलं असतं.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. म्हणालो, "तक्ता बिनचूक होता असं लिहिलं तर खोटं होईल. आणि चूक सांगितली तर त्याच्या पानावर त्याचीच चूक छापून येईल."

वहिनी हसल्या. सूप बाजूला ठेवलं.

"चूक नव्हती ती, नाना. तुमच्या तीन रात्री आमच्याकडं हायेत. आमच्या सहा हायेत. त्यो मला बोलला व्हता, गेणूनानांना अंधारात दिसत नाय. त्यांना काय इचारू नको, लाजत्याल."

"त्याला कसं कळलं?"

"तुमी त्याचं दप्तर धरत व्हता ना?"

राजरत्न मंचरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला होता, तेव्हा आम्ही दोघं संध्याकाळच्या एकाच एसटीने यायचो. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत किलोमीटरभर चालणं. हिवाळ्यात तोवर अंधार पडे. मी म्हणायचो, "दप्तर जड आहे रे तुझं, जरा हातभार लावतो," आणि मागून त्याच्या दप्तराचा पट्टा धरायचो. तो रस्ताभर बोलायचा, "नाना, इथं खड्डा झालाय, लई खराब रस्ता राव. आता डावीकडं दगड हाय बघा." मला वाटे, पोरगं बडबडं आहे. दोन वर्षं मी त्याला फसवत होतो, अशी माझी समजूत होती.

वहिनी आणि पोपट आठ वर्षं माझ्या रात्री काढत होते. पोपट बॅटरी धरून दारं मोडायचा, वहिनी बांधावर डबा वाजवत उभ्या.

मी म्हणालो, "हेच लिहितो."

"नको. तुमचं झाकलेलं हाय ते. गावात वाचत्याल."

"हे काढलं तर माझ्याकडे लिहायला काही उरत नाही. मग त्या दोन तारखाच राहतील."

वहिनींनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाल्या, "मग आधी त्या सहा जणांना तुमच्या तोंडानं सांगा. छापल्यावर कळाय नको."

रविवारी सकाळी मोटारीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. एवढ्या माणसांपुढे मी आयुष्यात बोललो नव्हतो. भिंतीकडे तोंड करून, तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं. माझी ओळ दाखवली, पोपटची दाखवली.

दादाभाऊ म्हणाले, "गेणू, आठ वर्षं! आन् आमाला वाटलं, तू बिबट्याला भेतो."

"त्यालाही भितोच."

सगळे हसले. पोपट तेवढा हसला नाही. तो लेकाच्या अक्षराकडे बघत होता. दादाभाऊंच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "हसायचं ऱ्हाऊ द्या. त्या तीन रात्री आता सगळ्यांनी वाटून घ्यायच्या. नवा तक्ता कोण करतो?"

मी म्हणालो, "मी करतो."

तीन रात्री सहा जणांत बसेनात. दोन दिवस चौकटीच्या वहीचे कागद फुकट गेले. मग सुचलं, चौदा आठवडे धरले तर माझ्या सहा रात्री होतात आणि प्रत्येकाला एक येते. चौदा आठवड्यांत सहा जणांना सात-सात रात्री. वार भरून तक्ता स्नेहाताईंना फोनवर पाठवला. त्यांना एकच चूक सापडली, नवव्या आठवड्यातला शुक्रवार मी दोघांना दिला होता. ती दुरुस्त केली. आता मला असे तक्ते करता येतात. कोणाच्या विहिरीवर भांडण असेल तर बोलवा, दिवसा येईन.

नवा तक्ता भिंतीवर लागला आहे. वर 'मूळ आखणी : राजरत्न' असं दादाभाऊंनी सांगून लिहवून घेतलं. जुना वहिनींनी उतरवून घरी नेला, पदराने पुसला. हे पान त्यांना काल वाचून दाखवलं.

"आता वळखू येतो," म्हणाल्या. मग तो जुना तक्ता माझ्या हातात दिला.

तो सोबत पाठवत आहे. पानावर त्याचा फोटो लहान घ्या, पण तक्ता वाचता येईल एवढा मोठा छापा, लाल शाईसकट. पाचवी ओळ पोपटची, सहावी माझी. तारखा खाली बारीक अक्षरांत टाकल्या तरी चालतील.