मिरचीच्या गाडीचे चालू टायर

ज्या गाडीत तुमची आई बसणार आहे, तिचे टायर तुम्ही दुसऱ्याच्या हुकमाने निवडाल का?

आम्ही निवडले. माझा थोरला भाऊ नागपुरात एका मिरची व्यापाऱ्याचा पिकअप चालवायचा. तोडणीच्या दिवसांत तो आमच्या वस्तीतल्या बायकांना भिवापूरकडच्या शेतांत न्यायचा आणि संध्याकाळी पोत्यांवर बसवून परत आणायचा. त्या बायकांत आमची माय होती. पुढचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले, तेव्हा मालक म्हणाला, "चालू टायर टाकून घे."

बाजारात ‘चालू’ म्हणजे चालणारा नव्हे. चालू म्हणजे खपवायचा माल. झिजलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा कोरतात, वरून काळा रंग फासतात. दिसायला नवाकोरा, पण रबर संपलेलं.

सकाळीच आम्ही दुकानात गेलो. भाऊ एकेक टायर उभा करून खाचेत बोट घालत होता.

"काहून इतका निरखून राहिला गा? पोरगी पाहाले आला का?" दुकानदार हसला.

"पोरगी पाहाले मायले घेऊन आलो असतो," भाऊ म्हणाला. "मायले याच्यावर बसवाचं हाय."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जवळजवळ प्रत्येक खाचेच्या तळाशी भावाच्या बोटाला टायरचा आतला दोरा लागत होता. त्यातल्या त्यात कमी वाईट असे दोन त्याने बाजूला काढले. कमी वाईट! कष्टकऱ्यांच्या जिवाबद्दल कामगार संघटनेच्या पत्रकांत वाचलेलं सगळं मी त्याला तिथेच ऐकवलं.

"मी नाही म्हटलं तर मालक दुसरा डायवर ठेवन," तो म्हणाला. "तो खाचेत बोटही घालणार नाही."

तेच दोन टायर बसवून आलो तेव्हा वस्तीच्या नाक्यावर बायका भाकरी बांधून उभ्या होत्या. मी ओरडून सांगितलं, टायर खोटे आहेत, चढू नका.

"मग आजची मजुरी तू देशीन का, बाबू?" एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या.

भावाने हळूच म्हटलं, "माय, तू समोर बस, माह्याजवळ."

"काहून? या बायांले लेकरं नाहीत का?" म्हणत माय सगळ्यांच्या आधी मागे चढली. मीही चढलो. उमरेडच्या रस्त्यावर भाऊ खड्डा आला की गाडी जवळजवळ थांबवायचा. बायका गप्पा मारत होत्या आणि मी टायर फुटल्याचा आवाज ऐकायला कान लावून बसलो होतो.

संध्याकाळी सगळे धड परतलो. मालक म्हणाला, "झालं का काही?"

काही झालं नव्हतं. म्हणून हंगामभर तेच टायर राहिले. रोज माय त्यांच्याच भरवशावर गेली, आणि रोज संध्याकाळी मी नाक्यावर उभा राहून देवाला न मानता देवाकडे भीक मागितली.

अशा गाड्या आजही भरून जातात. उद्या सकाळी तुमच्या गावातून मजूर बायकांची गाडी निघेल, तेव्हा तिच्या चाकापाशी वाका. खाचेत बोट घाला. दोरा लागला तर गाडीसमोर उभे राहा. पण बायकांना उतरा म्हणण्याआधी त्यांची त्या दिवसाची मजुरी मालकाकडून कबूल करून घ्या.