आईच्या कपाळावरचं कुंकू

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण मराठी मंडळाच्या ग्रुपवर आलं आणि मला फेल्डहोवन गावातला, मंडळातल्या काकूंचा हॉल आठवला, भाजलेल्या तिळाच्या वासाचा, रेडिएटरवर वाळत घातलेल्या हातमोज्यांचा. माझी आई कृष्णवर्णीय, कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावरून नर्सिंग शिकायला नेदरलँड्समध्ये आली आणि इथेच एका मराठी इंजिनिअरच्या प्रेमात पडली. मी लहान असताना एका संक्रांतीला काळी साडी कमरेला खोचून, बोचऱ्या वाऱ्यात सायकल मारत ती निघाली होती. मागे बसलेल्या माझ्याकडून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ वाटभर घोकून घेत होती. काकू एकेकीला हळदीकुंकू लावत आईपर्यंत आल्या, थांबल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “हिला कशाला? हिच्या कपाळावर दिसणार तरी आहे का?” दोघीतिघी हसल्या. आईला मराठी फारसं बोलता येत नसे, पण कळायचं सगळं. तिने काकूंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि नुसतं “गोड बोला” म्हणाली.  गेल्या महिन्यात आई गेली. बाबा आहेत, म्हणून काकू अंत्यविधीला कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. “सवाष्ण गेली हो, भाग्याची,” असं म्हणत त्या शवपेटीवर वाकल्या, बोट कुंकवात बुडवलं. मी त्यांचं मनगट धरलं. “राहू द्या काकू,” मी म्हटलं, “दिसणार नाही.”