पुतणीला मी दिलेला सल्ला

अकरा वर्षं मी पुण्यात अ‍ॅनिमेशनचं काम केलं आणि त्यातलं 'हे माझं' म्हणून दाखवता येईल असं एक मांजर तेवढं माझ्याकडे आहे. ते जिना उतरतं. तीन सेकंद. परदेशातल्या मुलांसाठी निघालेल्या एका मालिकेत ते आहे आणि त्या तीन सेकंदांना मला आठ दिवस लागले होते. गोष्ट तिकडची, पात्रं तिकडची, आवाज तिकडचे. मांजर वरच्या पायरीवर आणि मांजर खालच्या पायरीवर, ही दोन चित्रंसुद्धा तिकडूनच यायची. मधली सगळी आम्ही काढायची. पुढं तेही काम कमी झालं आणि मी सिनेमातल्या नटांच्या केसांच्या कडा संगणकावर कापत बसू लागलो, म्हणजे त्यांच्या मागचं दृश्य बदलता यावं. एका सेकंदाला चोवीस चित्रं, आणि प्रत्येकात तेच केस.

एका सकाळी आमच्या अख्ख्या मजल्याला मेल आली की काम संपलंय, दुपारपर्यंत टेबलं रिकामी करा. तोवर माझं उजवं मनगट इतकं गेलं होतं की डब्याचं झाकण काढायलाही डावा हात लावावा लागे.

मी सांगलीला परत आलो. माधवनगरला दोन खोल्या घेतल्या आणि एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायला लागलो. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. माझा थोरला भाऊ फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेला, कडेगावला ऊस बघतो. मी परत आलो तेव्हा त्यानं मला काही विचारलं नाही. ते मला फार बरं वाटलं होतं. त्याचा अर्थ पुढं कळला.

तीनेक वर्षांमागे मे महिन्यात त्याचा फोन आला.

"पोरीची दहावी झाली बघ. ती आता तुझ्यासारखं कार्टून करायचं म्हणतीया. मी नर्सिंगचं फायनल केलंय. रविवारी तिला घिऊन येतो. तू फकस्त सांग, ह्यात काय न्हाई म्हणून."

"माझं ऐकेल ती?"

"ऐकंल की. तू त्यात वाया गेलायस न्हवं?"

त्यानं हे चिडून म्हटलं नव्हतं. उसाला पाणी कमी पडलं, असं सांगावं तसं म्हटलं. घरातल्यांच्या तोंडी माझ्याबद्दल कोणता शब्द असतो, ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

रविवारी दोघं मोटारसायकलवरून आली. पुतणी तेव्हा सोळा वर्षांची, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. माझ्या बायकोनं पोहे केले. दादा खुर्चीत ताठ बसला आणि बशी हातात घेऊन म्हणाला, "हं, सांग आता."

मी सांगितलं. खोटं एक अक्षर नव्हतं. मोठमोठे फलक लावणाऱ्या क्लासेसबद्दल सांगितलं. तिथं शिकवणारा पोरगा आदल्या वर्षीच त्याच क्लासमधून बाहेर पडलेला असतो, आणि आपली वही तो धड बघतसुद्धा नाही. नाव कुठंच येत नाही, हे सांगितलं. मालिका संपल्यावर नावांची यादी सरकत जाते, त्यात आमच्या चाळीस जणांच्या जागी कंपनीचं एक नाव असायचं. डोळे, पाठ, मनगट. आता तर मधली चित्रं यंत्रच काढून देतं, म्हणजे ज्या पायरीवर उभं राहून मी शिकलो ती पायरीच उरलेली नाही. दादा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. सगळं खरं होतं, पण मला ते सांगायला गोड लागत होतं. इतक्या वर्षांत माझं कुणी एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मी थांबल्यावर पुतणी म्हणाली, "काका, तुमी केल्यालं कायतरी दाखवा की."

मी फोनवर मांजर दाखवलं. तिनं ते एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग बोटानं थांबवत थांबवत पाहिलं.

"छान हाय," ती म्हणाली. मग थोडं अडखळून, "पर मांजराला वजन न्हाई."

"म्हंजे?" दादानं विचारलं.

"म्हंजे पाय पायरीवर टेकला की अंग खाली दबाय पायजे ना. हे तरंगतंय."

पुण्यात आमच्या वरिष्ठांनी नेमकं हेच म्हटलं होतं. दुरुस्तीला दिवस उरले नव्हते म्हणून मांजर तसंच गेलं. ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. आणि ही शाळकरी पोर पोह्याची बशी मांडीवर ठेवून तेच सांगत होती.

"तुझं दाखव बघू," मी म्हणालो. माझा आवाज बदललेला मलाच ऐकू आला.

तिनं तिचा फोन पुढं केला. पडद्यावर बोटानं काढलेली, रंग नसलेली, नुसत्या रेघांची एक म्हैस. बसलेली. ती आधी मान पुढं टाकते, पुढच्या गुडघ्यांवर येते, मग मागचा भाग वर उचलते आणि तिथं क्षणभर थांबते. तेव्हा सगळं अंग पुढं झुकलेलं असतं. मग एक पाय, मग दुसरा, आणि उभी राहिल्यावर पाठीवरची कातडी थरारते. बस, एवढंच. रेघा वाकड्यातिकड्या होत्या, एक शिंग मध्येच लहान-मोठं होत होतं. पण ती म्हैस जड होती. तिला उठायचा कंटाळा आला होता, तोसुद्धा दिसत होता. अकरा वर्षांत आमच्या मजल्यावर असं काढणारं एकच माणूस मी पाहिलं होतं आणि ते मी नव्हतो.

"कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. आमच्याच म्हशीकडं बघून काढली. चार महिनं लागलं."

दादा माझ्याकडं बघत होता. "कसं हाय? तुला कळतंय त्यातलं."

मला सगळं कळत होतं. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि म्हणालो, "बरं आहे. अशी हजारो पोरं करतात."

तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि फोन बंद करून पिशवीत ठेवला. दादा म्हणाला, "झालं तर मग," आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. जाताना पुतणी माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला, काय दिला ते आठवत नाही.

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, "चांगलं नव्हतं का हो? मला तर म्हैस खरीच वाटली."

"तुला काय कळतंय," मी म्हणालो. लग्नाला दहा वर्षं झाली होती, असं मी तिला कधी बोललो नव्हतो.

पुतणीनं अकरावीला सायन्स घेतलं. मी दुकानात बसून चेहरे कापत राहिलो आणि मनात तिच्याशी बोलत राहिलो. मी तिला जे सांगायला हवं होतं ते मला नीट पाठ झालं. क्लासच्या काचा बघू नकोस, शिकवणाऱ्याचं काम बघ. सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं, त्याच्या मागं आता लागू नकोस. तू बघतेस तशी बघत राहा. एसटीत चढणारी म्हातारी, पोतं उचलणारा हमाल, रोज एक तरी चित्र काढ. दुसऱ्यांची कामं करावी लागतील, कर, पण वर्षातून एक मिनिटाचं तरी स्वतःचं कर, नाहीतर माझ्यासारखी दुसऱ्याच्या दोन चित्रांच्या मध्येच राहशील. हाताला विश्रांती दे. आणि या सगळ्याच्या आधी: तुझी म्हैस फार चांगली आहे.

फोन करून सांगता आलं असतं. मी केला नाही. दिवाळीला कडेगावला गेलो तेव्हा मात्र दादाला गोठ्याजवळ गाठलं.

"दादा, त्या दिवशी मी चूक सांगितलं. पोरगी लय चांगली आहे त्यात. माझ्यापेक्षा कितीतरी."

तो वैरण टाकत होता. थांबला नाही. "मग तवा का न्हाई बोललास?"

मी खाली सांडलेली वैरण गोळा करू लागलो.

"जाऊ दे. तिनं सोताच हा म्हणलंय नर्सिंगला. आता तिच्या डोस्क्यात नको घालू काय."

तरीही मी तिला गाठलं. ती मागच्या अंगणात पणत्या पुसत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि पाठ झालेलं सगळं बोलून टाकलं, म्हशीपासून सुरुवात करून. ती ऐकत होती, हात चालू होते. माझं संपल्यावर म्हणाली, "मला ठावं होतं काका."

"काय?"

"म्हस चांगली झालीया ते. तुमचं तोंड बघून तवाच कळलं."

"मग सोडलंस का? मी काय म्हणालो त्याच्याकडं लक्ष द्यायचं नव्हतंस."

तिनं पणती खाली ठेवली. "तुमचं बोलणं ऐकून न्हाई सोडलं. तोंड बघूनच सोडलं. दुसऱ्याचं चांगलं बघून माणसाचं असं तोंड हुत आसंल, तर मला न्हाई करायचं ते काम."

ती रागावलेली नव्हती. मला आतून चहा आणू का, असंही तिनं विचारलं. मी नको म्हणालो. त्या कामानं माझं तोंड तसं झालं की ते आधीपासूनच तसं होतं, हे तिला विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. सोळा वर्षांच्या पोरीनं ते तरी का सांगावं?

गेल्या वर्षी तिला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पहिल्याच यादीत नाव लागलं. दादानं भावकीला जेवण घातलं. मांडव, लाऊडस्पीकर, सगळं. जेवणाआधी त्यानं माईक हातात घेतला. फौजेतला माणूस, बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी बोलला. पोरीच्या मास्तरांचं नाव घेतलं, तिच्या आईचं घेतलं. मग म्हणाला, "आणि ह्यो माझा बारका भाऊ. पोरगी भलत्याच वाटंला निघाली हुती. ह्यानं तिला दोन तासांत सरळ केली. आज जे हाय ते ह्याच्यामुळं हाय."

मला पुढं स्टेजवर बोलावलं. एका चुलतभावानं फेटा बांधला, दादानं नारळ आणि शाल दिली. मी मांडवात बघितलं. माझी बायको मान खाली घालून बसली होती. पुतणी पहिल्या रांगेत होती, नव्या साडीत, केस घट्ट बांधलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, शेवटपर्यंत, माझ्याकडं बघत. मी हात जोडले आणि खाली उतरलो.