उंबऱ्याला मारलेल्या चापट्या

बायांनो, आज सकाळी आमच्या घरात रक्त निघालं. झोळीतल्या भावानं केस ओढले म्हणून अडीच वर्साच्या चिमीनं, माझ्या नातीनं, त्याच्या कपाळावर लाटणं हाणलं.

सून तिला बडवायला धावली. मी मधी पडून चिमीचे हात धरले. ती माझ्या मनगटाला कचकन चावली आन् रडत म्हणली, "आजी, बराबर मारलं ना?"

चिमी उंबऱ्याला अडखळून पडली की मीच उंबऱ्याला चापट्या मारून म्हणायची, "बघ, बराबर मारलं त्याला!"

सून म्हणली, "आत्याबाई, आता कोणाला मारू?"

बाळाला टाका पडला न्हाई, नशीब. दुपारी चिमी परत आपटली. उंबऱ्यावर उठलेला हात मी आवरला, तिला रडू दिलं.

तुमी लेकराला गप करायला कोणाला मारून राहिल्या?